नऊ सकाळींचा कडू चहा

मिस इसिल्डाचा भाऊ व्हर्नल मरता मरता वाचला. दोष कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी तिघांची नावं घेतो. घेताना आवाज चढतो. चढू दे.

पहिली ती स्वतः. सत्तरीची उंच बाई, डोक्याला कायम निळा रुमाल. शनिवारच्या बाजारात चर्चच्या भिंतीला लागून तिचं गोणपाट. त्यावर गवती चहा, पानफुटी आणि सेरासीच्या जुड्या. सेरासी म्हणजे कुंपणावर माजणारी रानकारल्याची वेल. जमैकाच्या या डोंगरात तिच्या काढ्याला कुणी औषध म्हणत नाही, चहाच म्हणतात. पुरळ उठो, ताप येवो, पोट बिघडो, तोच चहा. आणि ऑगस्ट संपताना नऊ सकाळी ओळीनं, रक्त धुऊन निघावं म्हणून.

मिस इसिल्डा यात भारी काटेकोर. दहाव्या सकाळसाठी पाला मागणाऱ्याला ती हाकलून द्यायची. गरोदर बाई दिसली की हातातली जुडी परत गोणपाटावर. तान्ह्या पोरांना तर काहीच नाही. तिच्या आईनं एकदा तापलेल्या लेकराला भलताच पाला उकळून पाजला होता, आणि पोट फुगून ते गेलं. तेव्हापासून स्वतः न तोडलेलं पान तिनं कधी विकलं नाही.

एवढी शहाणी बाई, पण गोळ्यांचं नाव काढलं की नाक मुरडायची. "काय रे, चाललास का खडू खायला?" असं भर बाजारात भावाला विचारायची, आणि आम्ही सगळे दात काढायचो.

दुसरा व्हर्नल. साठी उलटलेला बाप्या, साखरेचा आजार, राहायला बहिणीकडेच. टोमण्यांना कंटाळून त्यानं सांगून टाकलं, "सिस, सोडल्या गोळ्या." सोडल्या कुठल्या! लपवल्या. त्या ऑगस्टमध्ये तो रोज सकाळी तिच्यासमोर मगभर काढा प्यायचा आणि शेळ्यांच्या मागे जाऊन गोळी गिळायचा. काढ्यानं साखर उतरते, गोळीनंही उतरते, दोन्ही मिळून भलतीच उतरते. सहाव्या सकाळी गडी शेळ्यांमध्ये आडवा झाला, घामानं निथळत. मी त्याला माझ्या टॅक्सीत घालून आरोग्य केंद्रात नेलं.

तिसरे तिथले डॉक्टर. तरुण, शहरातले, हुशारही असतील. त्यांनी साखर देऊन व्हर्नलला शुद्धीवर आणलं आणि दार सताड उघडं ठेवून विचारलं, "पाला उकळून प्यायलास ना? तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं? का जनावरं आहात?"

बाहेर बाकावरची सगळी माणसं जमिनीकडे बघू लागली.

"नाही डॉक," व्हर्नल म्हणाला. "कधीच नाही."

"मग जेवत नसशील. वेळेवर जेव. गोळी चालू ठेव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, असं खेकसून विचारल्यावर खरं कोण सांगेल? पण मी एक शब्द बोललो नाही.

घरी मिस इसिल्डाचा हिशेब वेगळाच. सहा सकाळी झाल्या, तीन उरल्या, मध्येच सोडलं तर रक्त बिघडतं! सातव्या सकाळी तिनं मग पुढे केला, व्हर्नलनं मुकाट्यानं रिकामा केला. तासाभरात तो परत कोसळला. या वेळी हातपाय झटकत होता, जीभ जड झाली होती. मी पोचलो तेव्हा ती त्याला गुळचट साखरपाणी थोडं थोडं पाजत होती. त्यानं जरा डोळे उघडल्यावर ती त्याचे चर्चचे बूट आणायला आत गेली, कारण डॉक्टरकडे आमच्यात कुणी अनवाणी जात नाही. डाव्या बुटात त्याचा पाय जाईना. तिनं हात घातला, तर गोळ्यांचं पाकीट.

"किती दिवस?"

"रोजच, सिस."

तिनं चुलीवरचं काढ्याचं पातेलं उचललं, पाकीट झग्याच्या खिशात टाकलं आणि गाडीत येऊन बसली.

डॉक्टरांनी नुसतं वर पाहिलं. "परत? पाला घेतलास?"

"नाही डॉक," व्हर्नल पुटपुटला.

मिस इसिल्डानं पातेलं टेबलावर आदळलं. "खोटं बोलतोय! हे मी पाजलं. आणि ह्या गोळ्या त्यानं वरून गिळल्या."

"अहो बाई, जीव गेला असता त्याचा!"

"गेला असता. माझ्या हातानं गेला असता, ते मी देवापुढं कबूल करीन. पण घरात तो मला भ्याला आणि इथं तुम्हाला. ओरडायचंय तर माझ्यावर ओरडा. त्याला नीट विचारा!"

डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला. तोंड वाकडं झालं. मग आधी व्हर्नलला सलाईन लावलं आणि कागद ओढला. "किती पानं? किती पाणी?"

"मूठभर. दोन मग उकळून एक. बावीस वर्षं विकतेय, हे विचारणारे तुम्ही पहिले."

त्यांनी लिहून घेतलं. गोळी बदलतो, म्हणाले, आणि चहा बंद. ती म्हणाली, "बंद." मग ते स्वतः दारात आले. "आणखी कोण कोण पितं? ओरडणार नाही."

मग कोपऱ्यातल्या म्हातारीनं काठी उचलली. तिच्या शेजारणीनं बोट. एकेक करत सगळं बाक. सगळी मिस इसिल्डाची गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी. ती एकेकाचं तोंड बघत माझ्यापर्यंत आली.

माझीही साखरेची गोळी चालू आहे, चौदा वर्षं. दर ऑगस्टला जुडी तिच्याकडूनच नेतो. व्हर्नलला शेळ्यांमागे गोळी गिळताना मी पाहिलं होतं. त्याच्या तोंडाला येणारा काढ्याचा वासही मला माहीत होता. दोन्ही ठाऊक असलेला गावात मी एकटाच होतो, आणि आदल्या दिवशी याच दारात गप्प उभा होतो, कारण पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता.

मी हात वर केला.

"तू पण, लेस्टर?" ती म्हणाली.