अखाजीला धबधबा

वैशाखात धबधबा बघायला जायची कल्पना माझ्या धाकट्या भावाची. आमच्याकडे त्या दिवसांत तापीतसुद्धा पाणी शोधावं लागतं, आणि हा म्हणाला पचमढीला जाऊ, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पायी फिरू, सोबत गाईड असतो, तो एकेक धबधबा दाखवत नेतो. आणि हे कधी, तर ऐन अखाजीला. मी त्याला फोनवरच विचारलं, उन्हानं डोकं फिरलंय का तुझं.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी लोक सोनं घेतात म्हणे. आमच्याकडे लेकी माहेरी येतात. दिवाळीला एखादी नाही आली तर कोणी मनावर घेत नाही, पण अखाजीला नाही आली की अख्खा गाव विचारतो, भावाशी बिनसलं का? आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या, गेलेल्या माणसांच्या नावानं भरलेली पाण्याची घागर, तिच्यावर ठेवलेलं पिवळं डांगर म्हणजे खरबूज, ओट्यावर पत्ते कुटणारे पुरुष, आणि झाडाला बांधलेला झोका. लेक साठीची झाली तरी त्या झोक्यावर पहिली तीच बसते. माझं माहेर फोपनार, आणि सासर बुऱ्हानपूर. इतक्या जवळ दिलेली लेक रोज माहेरी जात असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात शाळेची नोकरी, घर, आजारपणं यात मी जायची ती अखाजीलाच.

आमचा झोका घरापुढच्या निंबाला होता. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या अखाजीला दोर तुटला आणि मी कोपरावर आपटले. बाबा तसेच उठले. लोहाराकडे गेले आणि दोन लोखंडी साखळ्या करून आणल्या, फांदीला कड्या घालून टांगल्या. साखळ्या वर्षभर तशाच लोंबत राहायच्या, अखाजीला फक्त पाट अडकवायचा. पुढं फांदी जाड होत गेली तशी तिनं त्या कड्या आत घेतल्या. लोखंड कुठं संपतं आणि लाकूड कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. कोपरावरचा वण अजून आहे.

बाबा गेल्यावर शेताच्या कागदांवर नाव लावायची वेळ आली. आमच्यात बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं साडी घ्यायची, अशी रीत. मी सही केली. मनात काही ठेवून केली नाही, खुशीनं केली. पेन खाली ठेवताना भावाला एवढंच म्हटलं, "मला शेत नको. अखाजीला झोका तेवढा राहू दे." तो तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडला होता, सगळ्या लोकांसमोर.

केळीचा धंदा वाढला तसा तो निंब त्याला अडचणीचा वाटायला लागला. ट्रक अंगणात येत नाही, मजुरांना घड डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यावे लागतात, माल घासला जातो, असं त्यानं मागे एकदा जेवताना काढलं होतं. मी पानावरूनच म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत त्या झाडाला कुऱ्हाड लागायची नाही. तो हसला, वहिनीनं मला रस वाढला, विषय संपला. निदान मी तरी संपला असं धरून चालले.

तर, पचमढी. मी आधी साफ नाही म्हटलं. पण भाऊ रोज फोन करायला लागला. ताई, जन्मभर चुलीपुढे राबलीस, एक अखाजी तरी पाय मोकळे कर. वहिनी म्हणाली, आपण दोघी जाऊ, मला तुमच्याशिवाय कोण आहे. हे ऐकून मला थोडं नवल वाटायला हवं होतं, कारण वहिनीला तिच्या चार बहिणी आहेत. मग एका संध्याकाळी माझे यजमान बाजारातून चालायचे बूट घेऊन आले. हा माणूस छत्री घ्यायची तर दोन पावसाळे विचार करतो. माझ्या बांगड्यांचं माप त्यांना आजतागायत माहीत नाही, आणि बूट मात्र बरोबर मापाचे. गुडघ्यांमुळे ते स्वतः येणार नव्हते. म्हणाले, तू जाऊन ये, एवढ्या प्रेमानं नेतोय तर जा. मला खरंच भरून आलं. सगळे आपले किती करतात आपल्यासाठी, असं वाटलं. मी हो म्हटलं.

अखाजीच्या सकाळी आम्ही पचमढीच्या हॉटेलात होतो. भावानं फोपनारहून छोटी घागर आणि डांगर पिशवीतून आणलं होतं. टीव्हीच्या टेबलावर घागर मांडली, डांगर काही केल्या नीट बसेना, शेवटी वहिनीनं हॉटेलच्या टॉवेलची चुंबळ करून दिली. भावानं डोळे मिटून आई-बाबांच्या नावानं पाणी घातलं. बराच वेळ हात जोडून बसला होता. बाबा परगावी टीव्हीखाली कसे येतील याचं मला हसू येत होतं, पण मुलगा आठवणीनं करतोय याचं बरंही वाटत होतं.

गाईड पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी, पायात साध्या चपला आणि तोंड क्षणभर बंद नाही. प्रत्येक दगडात त्याला काहीतरी दिसायचं, हा हत्ती, हा साधू, ही सासू. कितीही अंतर उरलेलं असो, विचारलं की म्हणायचा, बस, पाँच मिनट. त्याची पाच मिनटं आमच्या बुऱ्हानपुरातल्या सरकारी कामासारखी लांबत. चालायला सुरुवात करताना त्यानं नियम सांगितले. प्लास्टिक टाकायचं नाही, वाट सोडायची नाही. "और एक पत्ता भी नहीं तोड़ना है. पेड़ में जान होती है, साहब." सगळ्यांत जोरात मान हलवली ती माझ्या भावानं. एवढ्यावर थांबला नाही, आमच्या मागच्या जोडप्याच्या मुलीनं फुलाला हात लावला तर तिलाही त्यानं समजावून सांगितलं.

पहिला धबधबा नगरपालिकेच्या नळाइतका होता. गाईड म्हणाला, बारिश में आइए, फिर देखिए. मी भावाकडे बघितलं, तो दुसरीकडे बघत होता. दुसऱ्याला जरा पाणी होतं, खाली डोह होता, वहिनीनं तिथं रील काढायला लावलं आणि मला अखाजीचं गाणं म्हणा म्हणाली. झोका नसताना ती गाणी माझ्या तोंडात येत नाहीत, पण तिच्यासाठी दोन ओळी म्हटल्या. भाऊ सगळी वाट माझी पाण्याची बाटली धरून होता. चढ आला की हात पुढे करायचा. ऊन लागलं की स्वतःचा रुमाल भिजवून द्यायचा. लहानपणी याला मी कडेवर घेऊन फिरले, त्याची फेड करतोय, असं मी मनात म्हणत चालले होते.

तिसऱ्या धबधब्याकडे उतरताना मोठमोठे दगड होते. भावानं आपला मोबाईल माझ्या पर्समध्ये टाकला आणि वहिनीला हात देऊन उतरवायला लागला. एका वळणावर अचानक नेटवर्क आलं आणि सगळ्यांचेच फोन वाजायला लागले. त्याचाही वाजला. तो खालूनच म्हणाला, बघ ना ताई, कोण आहे.

मी उचलला. फोपनारहून सालदार बोलत होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी, आणि त्याचं वर्ष आमच्याकडे अखाजीलाच बदलतं. जुना गेला होता, नवा त्याच सकाळी कामाला लागला होता. त्यानं ना मला पाहिलेलं, ना माझा आवाज ऐकलेला. मालकाच्या फोनवर बाईमाणूस बोलतंय म्हणजे मालकीणच, असं त्यानं धरलं.

"मालकीन, निंब पडला बरं. झोक्याच्या साखळ्या कुठी ठेवू? ताईले दिसाले नको म्हने होते दादा."

मागून मशीनच्या करवतीचा आवाज येत होता. फांद्या छाटत असतील. मी विचारलं, कधी पडला. तो म्हणाला, सकायीच सुरू केलं, मुहूर्त चांगला होता ना.

सकाळीच. म्हणजे टीव्हीखाली बाबांना पाणी घालत होता तेव्हा. हॉटेलात बापाच्या नावानं डोळे मिटलेले आणि तिकडे बापानं साखळ्या टांगलेल्या झाडावर करवत. तरी मी त्या गड्याला शांतपणे म्हटलं, लपवू नको, ओसरीवरच राहू दे. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, सांगितलं ते करत होता.

भाऊ वर आला. कोण होतं, म्हणाला. मी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तुझा नवा सालदार, साखळ्या कुठं ठेवायच्या विचारत होता.

त्याचा चेहरा उतरला. वहिनी लगेच पाण्याकडे बघायला लागली, म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, ट्रकवाले यायलाच तयार नव्हते, केळीच्या शेडचं काम अखाजीच्या मुहूर्तावर धरायचं होतं, तुला सांगितलं असतं तर तू मोडता घातला असता. मग म्हणाला, "तूच म्हनत होती ना, डोयांदेखत नको. म्हनून तं तुले इथी आनलं. तुले त्रास नको, बस." आणि हे तो अगदी मनापासून म्हणत होता, त्याचाच मला जास्त संताप आला. त्याच्या हिशेबात त्यानं माझा शब्द पाळला होता.

मी म्हटलं, "शेत सोडलं होतं मी. झोका सोडला नव्हता."

पुढच्या वर्षी गच्चीवर स्टीलचा झोका आणू, असं वहिनी हळूच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाईडला आमच्यातलं मराठी कळलं नव्हतं. त्यानं शिट्टी वाजवली. चलिए, बस, पाँच मिनट.

तिसरा धबधबा मात्र खरंच मोठा होता. वैशाखातही भरपूर पाणी, गारवा, लोक आनंदानं ओरडत होते. एवढं पाणी बघायला मी आले होते आणि मला ते नकोसं झालं. भाऊ लांब एका दगडावर बसला होता, हातात माझीच बाटली. मी काठावर बसून बुटांच्या नाड्या सोडायची आणि पुन्हा बांधायची. मधूनमधून रडत होते, ते लपवलं नाही. बघणाऱ्यांनी बघावं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली. वहिनीनं दशम्या सोडल्या, मी घेतल्या नाहीत. बुऱ्हानपूरला उतरल्यावर भाऊ म्हणाला, तुला घरी सोडतो. मी म्हटलं, आधी फोपनार. त्यानं वाद घातला नाही.

अंगण केवढंतरी उघडं दिसत होतं. बुंध्याच्या जागी मुरूम टाकून सपाटही करून झालं होतं, आणि जिथं पाट अडकवायचो तिथं ट्रक उभा होता. शेजारच्या घरची लेक अखाजीला आली होती, अजून गेली नव्हती. ओट्यावरून हसत विचारलं तिनं, धबधबा कसा होता मावशी? म्हणजे गावात आलेल्या सगळ्या लेकींच्या देखत झाड पडलं, आणि मीच तेवढी पाणी बघत होते. सालदारानं मान खाली घालून साखळ्या आणून दिल्या. कड्या लाकडातून निघाल्याच नव्हत्या, म्हणून त्यानं फांदीचे दोन ठोकळे तसेच कापून ठेवले होते. लाकूड अजून ओलं होतं. मी ते पिशवीत भरलं, पचमढीहून परत आणलेली घागर मात्र तिथंच ओट्यावर ठेवली. भावानं साडी पुढे केली. ती मी घेतली नाही.

घरी पोचले तेव्हा यजमान दार उघडून उभेच होते. हातातली पिशवी त्यांनी घेतली, आणि जड कशी म्हणून विचारलं नाही. आत डोकावले, साखळ्या बघितल्या, आणि पिशवी हळूच भिंतीशी टेकवून ठेवली. चहा टाकू का, म्हणाले. जन्मात कधी चहा न टाकणारा माणूस. मी दारातच थांबले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्यांची नजर माझ्या पायांतल्या बुटांवर गेली.

"बूट आणले त्याच्या आदल्या दिवशी तुझा भाऊ बाजारात भेटला होता," ते म्हणाले. "मापही त्यानंच सांगितलं."