डावं सिलिंडर गार का पडलं?

मंडळी, आज सकाळची आमच्या कात्रजच्या पार्किंगमधली गोष्ट.

आमच्या ह्यांची दोन सिलिंडरची जुनी मोटारसायकल आहे, लग्नाआधीपासूनची. इंजिनात काय बिघडलंय ते हे नुसत्या आवाजावरून ओळखायचे. हल्ली ह्यांना कमी ऐकू येतं. गाडी आचके देऊ लागली आणि कारण सापडेना, तेव्हा हिरमुसून म्हणाले, "विकूनच टाकतो." आज संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

सकाळी हौसेनं एकदा गाडी सुरू केली आणि मला विचारलं, "अगं, आवाज कसा येतोय?"

"मोठ्ठा येतोय," मी म्हणाले. मला आणखी काय कळणार?

हे हसले. मग म्हणाले, "जरा वाटीभर पाणी आण." सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांवर इंजिनाजवळ त्यांनी पाणी शिंपडलं. उजवीकडचे थेंब क्षणात उडाले, डावीकडचे तसेच बसून राहिले.

"बघ! डावं सिलिंडर पेटतच नाहीये!"

इंजिन गार झाल्यावर दोन्ही सिलिंडरच्या स्पार्क प्लगची अदलाबदल करून गाडी पुन्हा सुरू केली. आता थेंब उजवीकडे बसून राहिले. म्हणजे दोष त्या एका प्लगचा! नवा लावल्यावर दोन्हीकडचे थेंब उडाले. ह्यांचा चेहरा बघायला हवा होता.

"हा खटारा कधी काढणार?" म्हणून इतकी वर्षं मीच कटकट केली. आज गिऱ्हाइकाला 'येऊ नका' असा फोनही मीच केला.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक येईल म्हणून तोंड पाडून फाटकाकडे बघत बसलेत. आता सांगू, की स्वतःहून "नाही विकायची" म्हणेपर्यंत थांबू?