कापडावरची शेळी

समस्त सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, गेल्या उन्हाळ्यात अणदूर मुक्कामी माझी एक शेळी पळाली. शेळी चित्रातली होती.

हसा... मीही हसलो असतो! भुताटकीवर माझा काडीचा विश्वास नाही. मला नाद आहे तो हातानं काढलेल्या, हलत्या चित्रांच्या सिनेमांचा — जुनी, कुणाला ठाऊक नसलेली, पाच-पाच मिनिटांची परदेशी रिळं. बंद पडलेल्या तंबू-टॉकीजवाल्यांकडून मी ती गोळा करतो. त्यात सर्वांत लाडकं या शेळीचं. खुंट्याला बांधलेली शेळी हिसके देते, कोलांट्या खाते, पण सुटत नाही. शेवटीही बांधलेलीच!

त्या दुपारी सोलापूरहून एक वकील आले — तेही याच नादातले. शेळीच्या बदल्यात त्यांचं हत्तीचं रीळ द्यायला तयार... ज्याच्यासाठी मी कैक वर्षं झुरत होतो! मी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. शेजारची म्हातारी बायजाक्काही आली. जन्म शेळ्यांमागं गेलेला, सिनेमा पहिल्यांदाच बघत होती.

मी यंत्राचा दांडा फिरवू लागलो. वकील खो-खो हसत होते. बायजाक्का मात्र कळवळली.

"आगं बया! उन्हात बांधलीय की. जीभ भाईर आलीय."

"आक्का, चित्र आहे ते. दोन वर्षं मी तिला बांधलेलीच बघतोय."

"चित्र आसंल. म्हणून तहान न्हाय व्हय लागत?"

तिनं आमच्याच रांजणातून पितळीभर पाणी आणून चादरीखाली ठेवलं आणि कळपाला घालावी तशी हाक घातली — "ट्रुर्र... ये, बाय, ये!"

शेळीनं मान वळवली.

दोन वर्षांत कधीच वळवली नव्हती! दोरीतून अलगद मान काढली, ऐटीत चालत चादरीच्या खालच्या काठाशी आली... आणि काठाखाली उतरली. कापडावर नुसता खुंटा. माझा हात आपला दांडा फिरवतोच आहे. वकिलांनी हात जोडले होते.

मी घोंगडी ओढून उजेडात रीळ धरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंटा आणि सैल दोरी. पितळी कोरडी ठणठणीत.

रीळ आजही माझ्याकडं आहे. या, बघा, उलगडा झाला तर मलाही सांगा... मला अजून झालेला नाही. हत्ती अर्थातच सोलापूरला परत गेला.

त्या क्षणी मात्र मी कपाळावर हात मारून ओरडलो, "आक्का, माझी शेळी!"

पितळी उचलता उचलता बायजाक्का फणकारली, "तुझी? दोन सालं बांधून ठेवलीस — येकदा तरी पाणी दावलंस का?"