उभ्या गाडीची रेस

"गाडी उभी राहिली म्हणून इंजिनानं झोपायचं नाय," असं म्हणत उस्ताद ट्रकच्या अंगावर थाप मारायचे. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मग ड्रायव्हरला खाली उतरायची परवानगी मिळायची.

हे सगळं चालायचं बहरीनमध्ये, सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये, ऐन नोव्हेंबरात. बाहेर माणसं घाम पुसत असायची, माझ्या ऑफिसात एसी घरघरत असायचा, आणि उस्ताद, म्हणजे म्हसळ्याकडचा हा आमचा कोकणी हेड मेकॅनिक, ट्रक थंडीसाठी तयार करत असायचा. मी त्याच कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलंय.

तसं नव्हतं. आमच्या गाड्या पूल ओलांडून सौदीत शिरतात आणि त्यातल्या काही थेट उत्तरेला, जॉर्डनच्या सीमेपर्यंत जातात. हिवाळ्यात तिकडे बाटलीतलं पाणी गोठतं. सीमेच्या रांगेत गाडी तासन्‌तास, कधी दिवस दिवस उभी असते आणि ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो. डिझेलचं इंजिन तिथं मंद रेसवर ठेवलं तर ते निवत जातं आणि हीटर गार वारा फेकायला लागतो. म्हणून उभ्या गाडीची रेस थोडी चढवून ठेवायची. याला हाय आयडल म्हणतात. जुन्या गाड्यांना उस्ताद डॅशबोर्डखाली एक केबल आणि मूठ बसवून द्यायचे. मूठ ओढली की पाय न लावता इंजिन जरा जोरात फिरत राहतं. नव्या गाड्यांत हेच काम लॅपटॉप जोडून होतं. तेव्हा उस्ताद इंजिनियरच्या मागे हात बांधून उभे राहायचे आणि काही कळत नसलं तरी मान डोलवायचे.

गंमत म्हणजे या माणसानं स्वतः थंडी कधी पाहिलीच नव्हती. जन्म कोकणातला, उमर गेली बहरीनमध्ये. माझ्या ऑफिसात आले की आधी एसीकडे बघून कॉलर वर करायचे. "तुमी पुण्याचे, तुमाला चालतं. आमी मरतो," असं वर ऐकवायचे.

मी एकदा विचारलं, "उस्ताद, तुम्ही पुलापलीकडे जात नाही. मग या थंडीची एवढी काळजी कशाला?"

"पोरगा जातो ना," ते म्हणाले.

त्यांचा एकुलता एक मुलगा आमच्याकडेच ड्रायव्हर होता. व्हिसा उस्तादांनीच खटपट करून मिळवलेला. त्याची गाडी ते सगळ्यात आधी तयार करायचे आणि निघायच्या दिवशी पुन्हा तपासायचे. मुलगा केबिनमधून ओरडायचा, "अब्बा, यल्ला, चला, पेपर झाले, आता सोडा." उस्ताद खाली वाकलेलेच असायचे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडीवर असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तो परत येईल, गाडी लावेल, पाणी पिईल, मग सांगायचं. केरळी, पठाण, कोकणी सगळे ती पाळतात. उस्तादांइतकी कडक मात्र कुणीच पाळत नसे. भावाच्या मृत्यूची बातमी ऐकून एका ड्रायव्हरनं पुलाच्या अलीकडेच गाडी उलटवली होती, आणि तो ट्रक ओढून आणायला उस्तादच गेले होते. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत.

एका जानेवारीत सकाळीच गावाहून फोन आला. उस्तादांची बायको गेली होती. दफन दुपारीच होणार होतं, विमानानं पोचणं शक्यच नव्हतं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एका जुन्या टायरवर बसून त्यांनी व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड पाहिलं. मी शेजारी उभा होतो. परदेशात राहणाऱ्यांना आता हे नवीन नाही, तुमच्यापैकीही काहींनी आपलं माणूस असंच शेवटचं पाहिलं असेल. उस्तादांनी तो कॉल बंद केला आणि लगेच मुलाचा फोन आला, सीमेवरच्या रांगेतून. आई आजारी आहे एवढं त्याला ठाऊक होतं.

"अम्मी कशी हाय?"

"बरी हाय," उस्ताद म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. "रेस चढवून ठेवलीस ना? इंजिन बंद करू नको."

आम्ही त्यांना म्हटलं, निदान आता तरी गावी जाऊन या. ते गेले नाहीत. "तो येल तवा मी गेटवर पायजे. दुसऱ्याच्या तोंडून नको," एवढंच म्हणाले.

मुलगा परतला. त्यानं गाडी लावली, पाणी प्याला, मग उस्तादांनी सांगितलं. तो रडला नाही की ओरडला नाही.

"मी फोन केला तवा मय्यत घरात होती?" त्यानं विचारलं.

उस्तादांनी हो म्हणून मान हलवली.

"तुम्ही तोंड बघितलंत?"

पुन्हा मान हलली.

"मग मला का नाय दाखवलंत?"

"तू गाडीवर होतास."

"गाडी उभी होती, अब्बा."

त्यानंतर तो बापाशी बोलला नाही. बहरीनमध्येच, जिदहफ्सला मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला. उस्ताद दर शुक्रवारी नमाजनंतर बिर्याणीचा डबा घेऊन तिथं जायचे. डबा खोलीतला दुसराच कुणी तरी घ्यायचा. जमातीतल्या मोठ्यांनी समजावून पाहिलं, मीही पाहिलं. काही भांडणांत चुकलेलं कुणीच नसतं, आणि नेमकी तीच मिटत नाहीत. बापानं पोराचा जीव सांभाळला होता आणि पोराच्या वाट्याची आई घालवली होती. यात मी कुणाला काय समजावणार? मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

पुढे मुलगा कॅनडाला गेला, तिथंही ट्रकच चालवायला. बापाचा नंबर त्यानं ब्लॉक केला. उस्ताद आपल्या फोनवर तिकडचं तापमान बघत बसायचे. "उणे तीस दाखवतंय," असं मला येऊन सांगायचे, जसा काही मी ते कमी करू शकणार होतो. मग हळूच म्हणायचे, "भाऊ, तुमच्या फोनवरून विचारा ना. त्याच्या गाडीला हाय आयडल हाय का?" मी विचारायचो. उत्तर यायचं नाही. उस्ताद म्हणायचे, "इंशाल्ला, रस्त्यावर असंल," आणि परत कामाला लागायचे.

उस्ताद आता नाहीत. वय झालं म्हणून कंपनीनं व्हिसा पुढे वाढवला नाही, ते गावी गेले आणि वर्षभरात तिथंच वारले. मुलगा आला नाही. मला त्यांचा इथला शेवटचा दिवस आठवतो. पासपोर्ट घ्यायला ते माझ्या ऑफिसात आले होते आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा पाठवायला लावला होता. त्या दिवशी कसं कोण जाणे, उत्तर आलं. व्हॉइस मेसेज होता. मी तो त्यांच्यासमोरच लावला.

"भाऊ, त्यांना सांगा, इथं गाडीत सगळं कंपनीतूनच बसवून येतं. त्यांनी आता विचारू नये. आणि तुम्हीपण मला मेसेज करू नका."

मला तो लावल्याचं वाईट वाटलं. उस्तादांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि पुन्हा ऐकला. मागे इंजिन घुमत होतं.

"उभी हाय गाडी," ते म्हणाले. "रेस बरोबर हाय." मग फोन माझ्यापुढे धरला. "ह्ये माझ्या फोनवर टाका."

"उस्ताद, यात काय आहे ठेवण्यासारखं? विचारू नका म्हणतोय तो."

"म्हणू दे," ते म्हणाले. "माझ्याकडं त्याचा आवाज नव्हता."