डेल्मरची माशी

गळाला गांडूळ लावणाऱ्यांना डेल्मर माणसांत मोजत नसे. गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्या बांधण्यात मोंटानातल्या त्या ओढ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हल्ली बोटं थरथरत, आणि आज पहाटेपासून एकही ट्राउट मासा लागला नव्हता. शेवटी वळणाआड त्याने गुपचूप गांडूळ लावलं आणि एक मासा मिरवत आणला.

त्याचा दोस्त लाइल न्याहारीसाठी मासा साफ करायला बसला. मासे सध्या काय खातायत ते बघायला त्याने नेहमीसारखं पोट चिरलं. आत गांडूळ होतं. त्याने ते पाण्यात भिरकावलं.

"काय निघालं रे?" चुलीपाशी बसलेल्या तिसऱ्या सोबत्याने, रसेलने विचारलं.

"माश्याच. आपल्या म्हाताऱ्याच्या माशीसारख्या, हुबेहूब."

मोठा तुकडा लाइलने डेल्मरच्याच ताटात वाढला. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर डेल्मरच्या घशाखाली घास तरी उतरला असता.