भिंतीवरचा काळा बंगला

अंबरनाथच्या शाळेत मी चित्रकलेची बाई म्हणून लागले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नोकरी तात्पुरती होती. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंना हवा असला की देऊन टाकायचा तास, असा तिथला रिवाज. वाचनालयाचं कपाट तर वर्षभर उघडलंही जात नसे. आतली पुस्तकं सगळी गोड गोड. शहाणा ससा, आज्ञाधारक मुलगा.

मला लहानपणापासून भीतीच्या गोष्टींचं वेड. मग मीच एक लिहायला घेतली. नदीकाठी बंद पडलेला बंगला, वरच्या खिडकीत अधूनमधून दिसणारा उजेड, काळ्या लुगड्यातली बाई, आणि तिचा माग काढणारी दोन भावंडं. दर सोमवारी एक पान मोठ्या कागदावर काढून व्हरांड्यातल्या फलकावर लावायचं ठरवलं. वर चित्र, खाली गोष्ट. सगळं काळ्या शाईत. फक्त उजेडाची खिडकी तेवढी कोरी सोडायची. रहस्याचे धागेदोरे मजकुरात द्यायचे नाहीत, चित्रातच लपवायचे, हा माझा नियम.

महिन्याभरात सोमवारी सकाळी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरेना. आणि मग तक्रार आली. पाचवीतल्या एका मुलीचे वडील कारखान्यात अधिकारी होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"त्यांची मुलगी अंधारात एकटी बाथरूमला जात नाही म्हणतात. काढून टाका ते सगळं."

"बाई, पालकांना एकदा वाचून तरी दाखवते," मी म्हणाले. "मग तुम्ही सांगाल तसं."

त्या जराशा घुटमळल्या, पण शनिवारच्या पालकसभेत मला वेळ दिला.

हॉलमध्ये मी दोरी बांधून सगळी पानं ओळीने टांगली. अधिकारी पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून बसलेले. मी वाचायला लागले. पहिलं पान संपेपर्यंत कुजबूज चालू होती. तिसऱ्या पानाला ती थांबली. भावंडं जिना चढून वर जातात आणि समोरचं दार आपोआप किलकिलं होतं, तिथे मी थांबले. पुढचं पान अजून काढायचं होतं.

मी मागे वळून पालकांकडे पाहिलं.

"मग? दार कोण उघडतं?"

विचारणारे तेच अधिकारी होते. हॉलभर हशा पिकला. ते स्वतःही ओशाळून हसले.

तेवढ्यात मागून जवळच्या पालेगावची एक आई उभी राहिली. "बाय, माझी पोर पुस्तकाला हात नव्हती लावत. आता घरी येऊन मना सगली गोष्ट सांगते. हे काढू नका."

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "गोष्ट पुरी करा," त्या मला म्हणाल्या. "पण शेवटी खरोखरीचं भूत निघालं, तर गाठ माझ्याशी आहे!"

सोमवारी फलकापुढे मुलांच्या घोळक्यात ते अधिकारी ड्यूटीच्या कपड्यांत उभे दिसले. त्यांची लेक त्यांना बोटाने दाखवत होती, "पप्पा, ही दारातली चप्पल बघा ना. भूत कशाला चप्पल घालेल?" मी कुणालाही न सांगितलेली खूण त्या घाबरट ठरवल्या गेलेल्या मुलीने शोधली होती. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा.

गोष्ट पुरी झाल्यावर शाळेनेच तिचं पुस्तक करायचं ठरवलं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये लग्नपत्रिका छापणाऱ्या एका सिंधी काकांच्या प्रेसवर मी चित्रं घेऊन गेले. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"मॅडम, इतना काला? मेरी पूरी स्याही पी जाएगा!"

"काला ही चाहिए, काका."

त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांच्या कंपोझिटरने अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता गोष्ट हिंदीत सांगितली, आणि शेवट छपाईआधी सांगणार नाही, असं म्हणून काकांना मुद्दाम अडकवून ठेवलं. काकांनी इतर कामं बाजूला सारून आमची छपाई आधी उरकली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी पुस्तकं दाराशी टेबलावर मांडली. पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत टेबल रिकामं झालं. बदलापूरच्या एका शाळेतून आलेल्या बाई रिकाम्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या मुलांसाठी आणखी छापा. आणि दुसरी गोष्ट कधी?"

"लिहिते आहे," मी बेधडक सांगून टाकलं. अजून एक ओळही लिहिलेली नव्हती.

मोठ्या बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाईंना ठणकावून म्हणाल्या, "आधी आमच्या फलकावर लागेल. मग तुम्हाला."

त्या संध्याकाळी पुस्तकांचं रिकामं खोकं बगलेत मारून मी भर बाजारातून घरी चालत गेले. रिक्षा करावीशीच वाटली नाही. वाटेत ओळखीचं कुणीतरी भेटावं आणि खोकं रिकामं कसं, असं विचारावं, एवढीच इच्छा होती. तिघांनी विचारलं. तिघांनाही मी अगदी सविस्तर सांगितलं.