पहिलं अक्षर हलकं सोडताना

मी तोतरी होते. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांत अडकायचं, 'प' तर हमखास. तरी नागपूरच्या कॉलेजात मी फ्रेंच घेतलं, कारण परीक्षा लेखीच असेल असं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षा आहे हे कळलं. सुट्टीत मंगरूळपीरला घरी आले तेव्हा ते सांगून टाकलं.

बाबा कचेरीत शिपाई होते. ते म्हणाले, "बोलता येत नाही तं भाषा कायले घेतली?"

गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान असलेल्या जैन कुटुंबातली सून पाँडिचेरीत फ्रेंच शाळेत शिकलेली होती. तिला सगळे भाभी म्हणत. मला शिकवायची आईनं तिला गळ घातली. दुपारी दुकानामागच्या खोलीत भाभी माझ्याकडून क्रियापदं म्हणून घ्यायची. पहिलंच 'पार्ले', म्हणजे बोलणं. 'नू पार्लों', आम्ही बोलतो, म्हणताना माझी मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. भाभी कधीच शब्द पुरा करून द्यायची नाही.

एकदा तिनं पाटीवर त्याचे दोन तुकडे केले, 'पार' आणि 'लों'. "पहिल्याले कायले दाबतं? त्याले हलकं सोड. भार शेवटावर टाक."

ते जमू लागलं. पण 'झ पार्ल', मी बोलते, यात 'झ'नंतर एकच अक्षर आणि आघात त्याच्यावरच. तिथं निसटायला जागा नव्हती. भाभी म्हणाली, दोन शब्द समजूच नकोस, 'झ'पासून एका श्वासात ये. सुट्टी संपेपर्यंत ते मला कधी यायचं, कधी नाही.

नागपूरला परीक्षकांनी नेमकं तेच क्रियापद चालवायला सांगितलं. 'झ' म्हटलं आणि ओठ मिटले ते उघडेनात. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. संपलं, असं वाटून मी अडवलेला श्वास सोडून दिला, आणि त्या श्वासाबरोबरच पुन्हा सुरू केलं. 'झपार्ल' अखंड बाहेर आलं. पुढची रूपं मागोमाग आली. 'ते बोलतात' यात लिहिलेला शेवट उच्चारायचा नसतो, तोही मी बरोबर गाळला.

मग त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, हा विषय का घेतला? त्या उत्तरात मी वाक्यावाक्याला अडकले. त्यांनी घाई केली नाही आणि मीही वाक्य अर्धं सोडलं नाही.

काठावर पास झाले. तोतरेपणा अजून आहे. फक्त आता अडकले की मी डोळे मिटत नाही.